फणसाचे दोन पाट

वृंदा टिपणीस ही चार फूट दहा इंचांची बाई होती आणि त्याबद्दल तिनं आयुष्यात कुणाचीही माफी मागितली नव्हती. शाळेत पहिल्या बाकावर बसवलं, बसली. मेडिकल कॉलेजात मुडदे फाडायच्या टेबलाभोवती उंच पोरं कोंडाळं करून उभी राहायची, तेव्हा ती कोपरांनी वाट काढत पुढे शिरायची आणि एकदा शिरली की हलायची नाही. माणसांशी भांडून जागा मिळवता येते, हे तिला लवकर कळलं होतं. टेबलाशी कसं भांडायचं ते मात्र सदतिसाव्या वर्षापर्यंत कळलं नाही.

हे टेबल म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या इस्पितळातलं ऑपरेशनचं टेबल. लढाई संपून लष्कर निघून गेलं, आणि त्याच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं राहायला आली. त्यांतल्या दोन बराकी इस्पितळाच्या वाट्याला आल्या आणि एकीत हे टेबल सापडलं. पायानं दांडा दाबला की वर चढणारं, सोडला की खाली येणारं, अस्सल विलायती. पण आतलं तेल कधीच गळून गेलं होतं, आणि जाताना कुणा धिप्पाड लष्करी सर्जननं ते जिथं ठेवलं होतं तिथंच ते रुतून बसलं होतं. जमिनीपासून अडतीस इंच. इस्पितळाचे मोठे डॉक्टर चिंतामणी रेगे सहा फुटांना दोन बोटं कमी, त्यांना ते अगदी बेतानं यायचं. त्यामुळे टेबल बिघडलंय असं इस्पितळात कधी कुणाला वाटलंच नाही. बिघडली असेल तर ती टिपणीस बाई!

अडलेल्या बाळंतिणींची ऑपरेशनं वृंदा करायची. अडतीस इंचांवर बाई निजायची, त्यावर तिचं भरल्या दिवसांचं पोट, आणि त्या पोटात वृंदाला हात घालायचे असायचे. उंच बांधलेल्या दोरीवर लुगडी वाळत घालावीत तसे दोन्ही हात वर धरून ती तासतासभर टाके घालायची. एक-दोनदा नव्हे, सहा वर्षं. पहिल्या वर्षी नुसती मान आखडायची. तिसऱ्या वर्षी उजवा खांदा धरला. सहाव्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे पंचावन्न साली, तिला स्वतःची वेणी घालता येईना. अंबरनाथच्या घरी तिची विधवा आत्या, तुळशीआत्या, सकाळी तिला पुढ्यात बसवून लहान पोरीसारखी वेणी घालून द्यायची. रात्री त्याच हातांनी महानारायण तेल चोळायची. वर बोलायचीही. "एवढं शिकलीस, आणि स्वतःचा खांदा तेवढा बरा करता येत नाही होय गं?"

इस्पितळात मात्र वृंदानं तोंडातून ब्र काढला नाही. तिथं कुणीच काढत नसे. पेशंटला काय दुखतं त्याचे रकानेच्या रकाने भरायचे, आणि डॉक्टरला काही दुखतच नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. असल्या ठरवण्याचा मला राग येतो. सोळा तास उभं राहणाऱ्या माणसाला कंबर असते, मान असते, हे ज्यांनी शरीर फाडून पाहिलंय त्यांनीच विसरावं म्हणजे काय? रेगे तर हातातून पेन पडलं तरी स्वतः उचलायचे नाहीत, शिपायाला हाक मारायचे. साहेबी तोरा, असं सगळे म्हणायचे. वृंदाही म्हणायची.

तेलाचा वास लपावा म्हणून ती कार्बोलिकच्या पाण्यानं हात दोनदा धुवायची. थिएटरची आया विठा, बदलापूरकडच्या खेड्यातली, एवढ्यानं फसणारी नव्हती.

"बाय, लपवता कशाला? तेलाचा वास येतो न. सांगा की मोठ्या सायबाला."

"सांगितलं तर काय होईल, विठा?"

विठानं थोडा विचार केला. "तुमाला काढतील," ती म्हणाली.

आणि तसंच झालं. भाद्रपदात खेमीबाई नावाची कॅम्प पाचमधली बाई दोन दिवस अडून इस्पितळात आली. मूल आडवं होतं. भुलीची सगळी तयारी झाली तरी ती वृंदाचा पदर सोडेना. कॅम्पातल्या बायका वृंदाला अदी म्हणायच्या, म्हणजे थोरली बहीण. "अदी, तुम करो," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मर्द डाक्टर हाथ नहीं लगाएगा. मर जाऊँगी, लेकिन नहीं."

वृंदानं केलं. मूल बाहेर आलं, रडलं. पण टाके घालताना तिसऱ्या टाक्याला तिचा उजवा हात कोपरापासून खाली आला आणि काही केल्या वर होईना. सुई धरलेला चिमटा तिनं डाव्या हातात घेतला, दातांखाली ओठ धरला आणि राहिलेली शिवण डाव्या हातानं पुरी केली. बाई वाचली, पोर वाचलं. फक्त वेळ वीस मिनिटं जास्त लागला. भूल देणाऱ्या डॉक्टरनं ती वीस मिनिटं रेग्यांच्या कानावर घातली.

शनिवारी रेग्यांनी तिला बोलावून एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'शारीरिक दुर्बलतेमुळे मला शस्त्रक्रियेच्या कामातून मुक्त करावे, ही विनंती.' खाली तिचं नाव आणि सहीची जागा.

"बायकांचं शरीर या कामाला बनलेलं नाही, मिस टिपणीस. त्यात तुमचा दोष नाही," रेगे समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुम्ही बाहेरचा दवाखाना सांभाळा, देवीच्या लशी टोचा. सोमवारी सही करून आणा."

"आणि बायकांची ऑपरेशनं?"

"मी करीन."

"त्या तुम्हाला हात लावू देत नाहीत, सर. घरी मरतात, पण येत नाहीत."

"येतील हळूहळू."

"टेबल खाली करता येईल का?"

"टेबल डेड स्टॉकमध्ये, सरकारी सामानाच्या वहीत आहे. त्याचा एक स्क्रूसुद्धा वरच्या हुकमाशिवाय काढता येत नाही."

"मग मला उभं राहायला काहीतरी द्या."

रेगे हसले. दोन वर्षांपूर्वी ती एका स्टुलावर उभी राहिली होती, ते ओल्या फरशीवरून सरकलं होतं आणि ती भिंतीवर आपटली होती. ते दोघांनाही आठवलं. वृंदा कागद घेऊन घरी आली.

रविवारी सकाळी चहा पिताना तिनं तो कागद वडिलांपुढे ठेवला. विष्णुपंत टिपणीस अंबरनाथच्या कारखान्यात सुतारखात्याचे ओव्हरसियर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. कमी बोलणारा माणूस. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, आणि भलताच प्रश्न विचारला.

"टेबल किती उंच आहे?"

"अडतीस इंच."

"उभी राहा. हात खाली सोड." त्यांनी खुंटीवरच्या कोटातून घडीची फूटपट्टी काढली आणि तिचं कोपर मोजलं. "छत्तीस. म्हणजे नुसतं टेबलच तुझ्या कोपराच्या वर. त्यावर माणूस निजणार, त्याचे आठ-नऊ इंच." ते पट्टीची घडी घालत राहिले. मग एकदम चिडले. विष्णुपंत चिडलेले वृंदानं फार क्वचित पाहिले होते. "आमच्याकडे नवा सुतार आला, की मी आधी त्याच्या कामाच्या बाकाची उंची बघायचो. त्याचं कंबरडं मोडलं तर रंधा कोण मारणार? लाकूड तासणाऱ्याची एवढी काळजी घ्यायची, आणि तुम्ही माणसं शिवणारे लोक सहा वर्षं नुसते उभे राहता? आणि माझ्या घरात, माझ्या पोरीचा हात वर होत नाही, आणि मला आज कळतं?"

"तुम्ही विचारलं नाहीत, नाना."

"नाही विचारलं. चुकलं माझं."

असं ते सरळ म्हणाले, आणि वृंदाला एकदम रडू आलं. ते तिनं चहाच्या घोटाबरोबर गिळलं.

विष्णुपंत मात्र आता हिशोबाला लागले होते. दहा इंच उंची हवी. दोन पावलं मोकळी हलतील एवढी रुंदी हवी, स्टुलासारखं टिचभर नको. लाकूड जुनं, पक्कं वाळलेलं हवं, ओल्या फरशीवर फुगून वाकडं होणारं नको. "आज रविवार. असं लाकूड आज मिळायचं कुठे?" असं म्हणता म्हणता त्यांची नजर स्वयंपाकघराच्या माळ्याकडे गेली आणि चटका बसल्यासारखी परत फिरली.

वृंदानं ती नजर पाहिली. आत्यानंही पाहिली.

माळ्यावर लाल फडक्यात गुंडाळलेले दोन पाट होते. फणसाच्या लाकडाचे, रुंद, पितळी फुल्या ठोकलेले. पंधरा वर्षांपूर्वी वृंदाचं लग्न ठरलं तेव्हा विष्णुपंतांनी कोकणातून लाकूड आणून ते स्वतःच्या हातांनी केले होते, एक नवरीचा आणि एक नवऱ्याचा. मग मुलाकडच्यांनी निरोप धाडला, की शेवटची दोन वर्षं राहिलेलं डॉक्टरीचं शिक्षण सोडावं. वृंदानं उलट टपाली कळवलं, की सोडणार नाही. झालं, लग्न मोडलं. पाट माळ्यावर गेले. पण आत्यानं आशा सोडली नाही. दर दिवाळीला ती धान्याच्या डब्यावर चढून पाट खाली काढायची, गोडेतेलाचा हात फिरवायची आणि पुन्हा गुंडाळून ठेवायची. नवऱ्याच्या पाटाला जरा जास्तच तेल लागायचं.

"दादा, तसलं काही मनातसुद्धा आणू नकोस," आत्या म्हणाली.

"मी कुठे काय म्हणालो?"

"आत्या, मला ते पाट हवेत," वृंदा म्हणाली.

"लग्नाचे पाट गं ते! चपला घालून उभी राहणार त्यांच्यावर? रक्त सांडणार? मुहूर्तावर अक्षता पडायच्या त्या पाटांवर!"

"पंधरा वर्षं झाली, आत्या. बसायला कोण येणार आहे?"

हे ती बोलली ते कठोर होतं, हे तिलाही कळलं. आत्याचा चेहरा पडला. पण वृंदा थांबली नाही. तिनं डबा ओढला, त्यावर चढली, आणि उजवा हात वर जात नव्हता म्हणून डाव्या हातानं एकेक पाट खेचून खाली घेतला. खाली विष्णुपंत दुखरा गुडघा सांभाळत हात पसरून उभे होते. आत्या मागच्या दारी जाऊन तांदूळ निवडत बसली, आणि दिवसभर ठोकाठोकीच्या आवाजाकडे पाठ करून बसली.

संध्याकाळी चौरंगासारखी एक गोष्ट तयार झाली. दोन पाट शेजारी शेजारी, खालून सागवानी पट्ट्यांनी जखडलेले. दहा इंचांचे सहा पाय, आणि पायांच्या तळाला सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे, सरकू नये म्हणून. वृंदा त्यावर चढली. विष्णुपंतांनी पुन्हा कोपर मोजलं. "सेहेचाळीस," ते म्हणाले.

आत्या दारात येऊन उभी होती. "निदान अनवाणी उभी राहा," ती म्हणाली. "एवढं तरी ऐक माझं."

"ऐकते," वृंदा म्हणाली. ही एकच अट तिनं मानली.

सोमवारी टांग्यात घालून तिनं ते चौरंगासारखं कॅम्पात आणलं, विठाच्या ताब्यात दिलं आणि कागद घेऊन रेग्यांच्या खोलीत गेली. कागदावर सही नव्हती. 'शारीरिक दुर्बलता' यावर तिनं काट मारून वर लिहिलं होतं, 'टेबल दहा इंच जास्त उंच आहे.'

रेग्यांनी ते वाचलं आणि कागद टेबलावर आपटला. त्याच्याखालची कागदांची चळत घसरली आणि जमिनीवर पसरली. रेग्यांनी घंटी वाजवली. शिपाई टपालाला गेला होता. पुन्हा वाजवली. मग ते खुर्चीच्या कडेला सरकले, एक हात टेबलावर रोवला, किंचित पुढे झाले आणि तिथंच थांबले. कपाळावर घाम आला. कोटाची कड वर सरकली होती आणि तिच्याखाली जाड किंतानाचा, कमरेला करकचून आवळलेला पट्टा दिसत होता.

साहेबी तोरा! सहा वर्षं ती या माणसाला तोरेबाज समजत होती.

वृंदा खाली वाकली, एकेक कागद गोळा केला, चळत नीट केली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"पट्टा केव्हापासून लावता, सर?"

"कसला पट्टा?"

"वॉर्डातल्या खाटा लष्करी, गुडघ्याएवढ्या. रोज साठ पेशंट, म्हणजे साठ वेळा वाकायचं. सहा वर्षं. तुमच्या उंचीच्या माणसाची कंबर दुसरं काय करणार?" तिचा आवाज चढला होता, तो तिनं मुद्दाम खाली आणला नाही. "मला वाकता येतं, हात वर होत नाही. तुमचा हात वर होतो, वाकता येत नाही. मग दुर्बल मी एकटीच कशी? या कागदाची आणखी एक प्रत टाइप करायला सांगा. आपण दोघं मिळून सही करू."

रेग्यांनी कोटाची कड खाली ओढून पट्टा झाकला. बोलले तेव्हा आवाजातला समजुतीचा सूर गेला होता.

"पडलात तर?"

"पडले तर उठेन."

"जबाबदारी माझ्यावर येते. आणि ते काय आणलंय तुम्ही, ते स्टॉकात घेता येणार नाही."

"घेऊच नका. माझ्या लग्नाचे पाट आहेत ते."

रेग्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग कागद फाडला नाही, ड्रॉवरमध्ये टाकला. "एकदा जरी घसरलात, तरी हा बाहेर येईल," ते म्हणाले.

त्या दिवशी वृंदानं सहा वर्षांत पहिल्यांदा आपलं काम वरून पाहिलं. कोपरं अंगाशी होती, मान सरळ होती. तिला वाटलं, इतकं सोपं होतं हे? आणि मग सहा वर्षांचा असा संताप आला, की मास्कच्या आत तिनं रेग्यांना, लष्कराला आणि डेड स्टॉकला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. टाके मात्र सुरेख पडले. खांदा काही बरा झाला नाही, तो कायमचाच गेला होता. पण त्याहून वाईट व्हायचा थांबला. दोन आठवड्यांनी वॉर्डातल्या सगळ्या खाटांच्या पायांखाली विटा आल्या. कुणी आणवल्या, ते विचारायचं नाही असं इस्पितळानं ठरवून टाकलं.

दिवाळी आली. माळा रिकामा होता. आत्या दोन दिवस घरात अस्वस्थ फिरत होती. नरक चतुर्दशीच्या सकाळी वृंदा कामावर गेल्यावर तिनं भावाला काही न सांगता टांगा केला आणि गोडेतेलाची वाटी पदराखाली धरून इस्पितळात आली. चौरंग कार्बोलिकनं धुऊन व्हरांड्यात उन्हात ठेवला होता. लाकूड पांढरं पडलेलं पाहून आत्याचा जीव गलबलला. ती खाली बसली आणि तिनं दोन्ही पाटांवर तेलाचा चांगला हात फिरवला, दर दिवाळीला फिरवायची तसा. वाटी रिकामी झाली तेव्हा कुठं तिचं समाधान झालं.

इतक्यात एक अडलेली बाई आली. धावपळ उडाली. विठानं घाईघाईत चौरंग उचलून आत नेला. टेबलापलीकडे मदतीला स्वतः रेगे उभे होते. बाईला भूल चढली. वृंदा हात धुऊन आली आणि शब्द दिल्याप्रमाणे अनवाणी पायांनी पाटावर चढली.

पाय सर्रकन सरकला. ती एका गुडघ्यावर आपटली आणि टेबलाची कड डाव्या हाताला लागली म्हणून वाचली. वृंदानं रेग्यांकडे पाहिलं. तिला ड्रॉवर दिसत होता, त्यातला कागद दिसत होता. तिनं बोटांनी लाकूड चाचपलं, बोटं नाकाशी नेली, आणि तिला सगळं कळलं. दारात रिकामी वाटी हातात धरून आत्या उभी होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"तेल लावलंस, आत्या?"

"दर दिवाळीला लावते गं मी," आत्या कशीबशी म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. "मला काय ठाऊक, की..."

वृंदा उठून उभी राहिली. गुडघ्यातून कळा येत होत्या. "सर, मी पडले," ती म्हणाली, "आणि उठले. ऑपरेशन मीच करणार. कागदाचं काय करायचं ते मागून करा."

"कसला कागद?" रेगे म्हणाले. "विठा, सोड्याचं गरम पाणी आण. लवकर. पेशंट खोळंबलीय."

विठानं पाणी ओतलं, काथ्यानं खसाखसा घासलं, कोरड्या फडक्यानं पुसलं. वृंदा तोवर पुन्हा हात धुवून आली आणि सवयीनं अनवाणीच पाय उचलला.

"थांब," आत्या दारातून ओरडली. इस्पितळात आवाज चढवायचा नसतो, हे तिच्या गावीही नव्हतं. "आधी पायांत काहीतरी घाल. बूट, चपला, काय असेल ते घाल."

"अगं, पण लग्नाचे पाट..."

"असू देत. घाल म्हणते ना!"

विठानं कॅनव्हासचे बूट आणून तिच्या पायांत चढवले. वृंदा पाटावर चढली आणि नेहमीसारखी डावीकडच्या, नवरीच्या पाटावर अंग चोरून उभी राहिली.

"तशी एका बाजूला नको," आत्या डोळे पुसत म्हणाली. "मधोमध उभी राहा. दोन्ही तुझेच आहेत."